गणपतीला येता, शिमग्याला येता, आता कार्तिकातही या

प्रति,
मुंबईतली सर्व ग्रामविकास मंडळे, वाडी मंडळे आणि त्यांचे पदाधिकारी
(राजापूर, लांजा, संगमेश्वर, चिपळूण, खेड, तसेच सिंधुदुर्गातलीही. ज्यांना लागू पडेल त्यांनी आपले समजावे.)

विषय : व्हाळ (गावचा ओढा) खोल करण्यासाठी जेसीबी पाठवू नयेत. माणसे पाठवावीत, आणि तीही नोव्हेंबरात.

मंडळी, सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात देवळात बैठक भरते तेव्हा पाण्याचा विषय निघतोच. बाहेर बायका टँकरची वाट बघत उभ्या असतात आणि आत तुमच्यापैकी कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ दाखवतो. बीडकडचे नाहीतर माणदेशातले एखादे गाव, ओळीने लागलेले जेसीबी, रुंद आणि खोल केलेला नाला, आणि पावसाळ्यानंतर तोच नाला काठोकाठ भरलेला. मग सूचना येते की आपणही वर्गणी काढू, आपलाही व्हाळ खोल करू. आता काही मंडळांनी तशी तयारी चालवली आहे, म्हणून हे पत्र.

तुमच्या हेतूबद्दल गावात कोणालाच शंका नाही. पण तो पैसा व्हाळात घालू नका. तिथला उपाय तिथल्या दगडाला आणि तिथल्या पावसाला धरून काढलेला आहे. आपला दगड निराळा, पाऊस निराळा आणि दुखणेही निराळे.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला वर्षाला सुमारे ४०० मिलिमीटर पाऊस पडतो. मराठवाड्याची सरासरी ७०० च्या आसपास. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात ३००० मिलिमीटरच्या वर पडतो, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत. तिकडे पाऊसच हुलकावणी देतो, त्यामुळे जे काही पडेल ते जागच्या जागी अडवणे हाच मार्ग. उतार सौम्य, खाली मुरूम आणि फुटका काळा दगड, त्यात मुरलेले पाणी बऱ्यापैकी टिकते. सरकारी योजनाही त्याच मुलखाकडे बघून बेतल्या गेल्या. २०१४ च्या अखेरीस गावोगावी पाणी अडवण्याचे जलयुक्त शिवार अभियान जाहीर झाले, दरवर्षी ५००० गावे टंचाईमुक्त करायची होती. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ आले. त्याच साली वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत गावागावांतली जलसंधारणाची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली. तुमच्या मोबाईलवरचे बरेचसे व्हिडिओ तिथूनच पुढे आलेले. आणि तिकडेसुद्धा सरसकट खोलीकरणावर जाणकारांनी हरकती घेतल्याच होत्या, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले होते. व्हिडिओत तेवढे दिसत नाही.

आता आपल्या गावाकडे बघा. वर सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचे खडकाळ पठार, खाली वाडी, त्याखाली मळे आणि व्हाळ. सड्यावरचा जांभा, म्हणजे तांबडा दगड, घावनासारखा जाळीदार. पावसाचे पाणी त्यातून झिरपत खाली जाते आणि जांभ्याखालच्या चिकण, गुलाबी-पांढऱ्या मातीच्या थरावर येऊन अडते. तो थर पाण्याला पुढे जाऊ देत नाही, म्हणून ते आडवे सरकते आणि सड्याच्या कडेला, उतारावर झरा होऊन बाहेर पडते. आपल्या बहुतेक वाड्या या झऱ्यांच्या खालीच का वसल्या, याचे उत्तर एवढेच आहे. पन्हळ लावून पाणी घराजवळ आणायचे, उरलेले पाटाने बागेत सोडायचे. जुन्या माणसांनी त्यासाठी समिती नेमली नव्हती.

अडचण अशी की हा जांभा जितक्या सहज पाणी घेतो तितक्याच सहज ते सोडूनही देतो. सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्र जेमतेम ५०-६० किलोमीटर. पाण्याला थांबायला ना जागा, ना वेळ. सप्टेंबरात दुथडी वाहणारा व्हाळ डिसेंबरात पायाच्या घोट्याएवढा होतो आणि फेब्रुवारीत नुसते धोंडे उरतात. दुष्काळ म्हणावा तर भाताचे पीक घरात आलेले असते, पैसेवारी (पिकाचा सरकारी अंदाज) ५० पैशांच्या वर असते, कागदावर सगळे ठीक असते. आणि तरी एप्रिलपासून डोक्यावर हंडा. खेडच्या धनगरवाड्यांपासून टँकर सुरू होतो, मग एकेक तालुका त्या यादीत येत जातो. दरवर्षी टंचाई आराखडा होतो. त्यात विंधन विहिरी, विहिरींचे अधिग्रहण, गाळ काढणे, टँकर हीच कलमे पुन्हा पुन्हा असतात. यादी जुनीच, फक्त वर्ष बदलते.

अशा ठिकाणी व्हाळ खोल केला तर काय होईल? आजूबाजूच्या मळ्यातले पाणी व्हाळाच्या तळाच्या पातळीला धरून असते. तळ पाच-सहा फूट खाली नेला की मळ्यातले पाणीही तेवढे खाली उतरते. कडेच्या विहिरी एरवी मार्चपर्यंत साथ देत असतील तर त्या जानेवारीतच तळ दाखवतील. तळातली वाळू-रेव पाणी धरून ठेवते, ती जेसीबीने उचलली जाईल. बारमाही पाणी राहणारी कोंड (व्हाळातला डोह) असेल आणि तिच्या तळाचा दगड फुटला तर ती पुन्हा धरणार नाही. आणि पहिल्याच जोरदार पावसात वरून येणारा लोंढा उभे केलेले काठ घेऊन मळ्यातल्या भाताच्या रोपांवर टाकील. आपल्याकडे दिवसाला २०० मिलिमीटर पाऊस ही काही नवलाची गोष्ट नाही. अंबाजोगाईत तेवढ्या पावसाला महिनाभर तरी लागतो. गाळाने भरलेली एखादी कोंड हाताने, जपून मोकळी करणे ही वेगळी गोष्ट, त्याला कोणाची ना नाही.

मग करायचे काय? खरे सांगायचे तर उपाय गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पाऊस थांबला की, वाहते पाणी जोरात असतानाच, व्हाळावर ठिकठिकाणी कच्चे बंधारे घालायचे. रिकाम्या सिमेंटच्या गोण्या वाळू-मातीने भरायच्या, विटांसारख्या सांधे चुकवून रचायच्या, मध्ये चिकण माती ठासायची. आपण वनराई बंधारा म्हणतो तो हा. जिथे दगडगोटे भरपूर आहेत तिथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने सुचवलेला ‘कोकण विजय बंधारा’ घालता येतो, त्यात धोंड्यांचा बांध आणि पाण्याच्या बाजूने प्लास्टिकचा कागद असतो. कंबरभर उंचीचा एक बंधारा फार पाणी साठवत नाही हे मान्य. पण एकाच व्हाळावर वरपासून खालपर्यंत आठ-दहा घातले तर तळातली रेव भिजलेली राहते, कडेच्या विहिरींची पातळी टिकते, आणि भाताच्या मागोमाग चवळी, कुळीथ, वाल, चार वाफे भाजी निघते. गुरांना पाणी मिळते. वायंगणाची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताची, शेती अजून कुठे कुठे आहे ती अशाच पाण्यावर. (माकडे आणि रानडुकरे त्यातले किती ठेवतात हा विषय आज काढत नाही. त्यासाठी वेगळे पत्र लिहावे लागेल, आणि ते वनखात्याला.)

हे काम करायला हवे असतात हात, आणि तेच गावात नाहीत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी जिल्ह्याची १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गाचीही घटली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत, हे कौतुकाने सांगितले जाते. त्याचा साधा अर्थ असा की पुरुष परळ-लालबागच्या गाळ्यांत गेले आणि त्यांची मुले विरार, नालासोपारा, दिवा, बदलापूरला. गावात बंधारा घालायला जमतात ते साठीच्या पुढचे पुरुष आणि घरचे सगळे उरकून आलेल्या बायका. ओली गोणी उचलून बघा, म्हणजे कळेल.

तुम्ही येत नाही असे नाही. गणपतीला एसटीच्या जादा गाड्या आणि रेल्वे भरभरून येता. तेव्हा व्हाळ तुडुंब असतो, त्यात गोणी टाकली तर गोणी थेट खाडीत. शिमग्याला पालखी नाचवायला येता, तेव्हा व्हाळ कोरडा झालेला असतो. मे महिन्यात आंबे खायला आणि बैठक घ्यायला येता, तेव्हा तर आम्ही टँकरच्या रांगेत. पाण्याचे काम करण्याचे दिवस असतात ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत, दिवाळी ते तुळशीचे लग्न. आणि नेमके त्याच दिवसांत गाव सगळ्यात रिकामे असते. पंचायतीला बंधाऱ्यांचे उद्दिष्ट दिलेले असते. मग पुष्कळ ठिकाणी डिसेंबर अर्धा उलटल्यावर, धार बारीक झाल्यावर, फोटोपुरता एखादा बंधारा उभा राहतो. त्याने उद्दिष्ट भरते, विहीर नाही.

म्हणून पहिली मागणी ही की मंडळाने वर्षातली एक वारी कार्तिकात हलवावी. प्रत्येक घरटी एक माणूस, शनिवार-रविवार. तुमच्या क्रिकेटच्या स्पर्धांना जेवढी पोरे जमतात त्याच्या निम्मी आली तरी व्हाळ वरपासून खालपर्यंत बांधून होईल. ज्या गावांत कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे तिथे तर याहून सोपे. पावसाळ्यानंतर बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालायचे, मेच्या अखेरीस काढायचे. कित्येक बंधारे बांधून उभे आहेत आणि त्यांत बरगेच नाहीत. काही गंजले, काही चोरीला गेले, काही कोणाच्या तरी गोठ्याचे छप्पर झाले. सभामंडपाच्या फरशीला जेवढा खर्च होतो त्यातल्या थोड्या पैशात बरग्यांचा पूर्ण संच आणि त्यांना ठेवायला कुलपाची खोली होईल. देव रागावणार नाही. पुष्कळ गावांत देवाची तळीही कोरडीच आहे.

दुसरी मागणी अधिक अवघड आहे, कारण तिला तुमचे हात नव्हे तर सह्या लागतात. कोकणातला सातबारा तुम्हाला ठाऊक आहे. आजोबांचे नाव, त्यांच्या सहा भावांची नावे, मग त्यांचे वारस. एकेका गटावर वीस-पंचवीस सहहिस्सेदार, अर्धे मुंबईत, दोघे गुजरातेत, एकाचा पत्ता नाही. शेततळे असो, विहीर असो, सगळ्यांची संमती मागतात. सार्वजनिक विहिरीला किंवा टाकीला जागा द्यायची तर बक्षीसपत्र करून द्यावे लागते. एका विहिरीची जागा आमच्या ओळखीच्या एका वाडीत एका सहीसाठी अडली आणि मंजूर निधी परत गेला. सही न देणारा माणूस वाईट नव्हता. त्याला वाटले, गाववाले जमीन लाटतील. हा अविश्वास दूर करणे मंडळाच्याच हातात आहे, सरकारच्या नाही. मंडळाने आपापल्या वाडीच्या वारसनोंदी पूर्ण करून घ्याव्यात. त्यासाठी चार शनिवार तुमच्या नालासोपाऱ्याच्या खोलीत बसून यादी केली तरी पुरे. पाण्याच्या जागेपुरते संमतीपत्र एकदाच करून पंचायतीत ठेवावे.

आणि सडा विकू नये. हे जरा स्पष्टच लिहितो. सातबाऱ्यावर ती जमीन पोटखराब म्हणून लागलेली असते, तिथे गवताशिवाय काही येत नाही, म्हणून एकगठ्ठा घेणारा आला की मुंबईतले हिस्सेदार खूश होतात. नुसते काटेरी कुंपण पडले तर निदान पाणी मुरत राहते. पण तिथे चिरेखाण लागली की जांभाच उचलला जातो, आणि पाणी ज्यात मुरायचे तो दगडच डंपरमधून निघून जातो. खाली वाडीतला झरा आटला की मग आम्ही देवाला कौल लावतो. झऱ्याच्या वरचा सडा हा त्या झऱ्याचाच भाग आहे. विकायचीच वेळ आली तर निदान झऱ्याच्या माथ्यावरचा पट्टा आधी गावाला विचारून बाजूला ठेवा. कुठला सडा कुठल्या झऱ्याला पाणी देतो हे ठरवायला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे मंडळाने गावाच्या वतीने लेखी मागणी करावी. आमच्या अर्जापेक्षा तुमच्या लेटरहेडला उत्तर लवकर येते, हे दुःखाने सांगतो.

आता बंद घरांबद्दल. गावात जितकी उघडी घरे तितकीच कुलूपबंद. कौले जाऊन पत्रे आले, काही ठिकाणी स्लॅब आला. हजार चौरस फुटांचे, म्हणजे साधारण शंभर चौरस मीटरचे छप्पर धरा. ३००० मिलिमीटर पावसात त्यावर तीन लाख लिटर पाणी पडते. उडून-सांडून पाचवा हिस्सा गेला तरी दोन लाख चाळीस हजार उरते. केंद्राच्या नळपाण्याच्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटरचे माप धरले आहे. चार माणसांच्या घराला फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांत सव्वीस हजार चारशे लिटर लागतात. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट खोल टाकीत २८ हजार लिटर मावते. म्हणजे एका छपराच्या पाण्यातून आठ-नऊ घरांचा उन्हाळा निघू शकतो, फक्त टाक्या हव्यात. तुमच्या बंद घराच्या मागच्या परसात एक टाकी बांधा, पन्हळी लावा, पहिल्या दोन पावसांचे पाणी वळवून टाकायची सोय ठेवा आणि किल्ली शेजारणीकडे द्या. बहुतेकांना वाटते की आपण घर नुसते राखून ठेवले आहे. ते उन्हाळाभर चार घरांना पाणी देऊ शकते. नव्या कलमांना पाणी देण्यासाठी विद्यापीठाचे जलकुंड आहेच. कलमाशेजारी छोटा खड्डा, आत प्लास्टिकचा कागद, पावसात भरून ठेवायचा. पहिली दोन-तीन वर्षे कलम जगवायला त्याचा आधार होतो.

ज्यांनी नवे बंगले बांधले त्यांना एक विनंती. अंगणात बोअर मारण्याआधी सार्वजनिक विहीर किती अंतरावर आहे ते मोजा. पिण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर-बोअर घेऊ नये, असे १९९३ च्या राज्याच्या कायद्यातच होते. वर्षातले पंधरा दिवस उघडणाऱ्या बंगल्याची मोटर मे महिन्यात लॉनला पाणी घालते आणि खालच्या वाडीची विहीर आटते, हे चालणार नाही.

‘एखादे धरणच का नको?’ असेही कोणी विचारते. मोठ्या धरणाबद्दल इथे फार लिहीत नाही. चिपळूणजवळचे तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, माणसे वाहून गेली, आणि तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला, एवढे सगळ्यांना आठवत असेल. शिवाय धरण जवळ असले म्हणजे पाणी मिळते असेही नाही. पेणचे हेटवणे धरण नवी मुंबईला पाणी देते आणि पेणच्या खारेपाटातल्या बायका हंडे घेऊन रस्त्यावर उतरतात. तुम्ही मुंबईत जे पाणी पिता त्यातले भातसा, तानसाचे पाणी ज्या शहापूर तालुक्यातून येते तिथेही उन्हाळ्यात टँकर फिरतात. कोयनेची वीज काढून झालेले वर्षाला सुमारे ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला जाते आणि तिच्याच काठच्या तालुक्यांत टंचाई आराखडे होतात. मोठे पाणी मोठ्यांकडे जाते. आपल्या वाट्याचे ते झरा, व्हाळ आणि छप्पर.

दुष्काळी मुलखातून एक गोष्ट मात्र जरूर आणावी. हिवरे बाजारचे नाव सगळे त्यांच्या चरांसाठी आणि बंधाऱ्यांसाठी घेतात. पण ते गाव दरवर्षी पावसाचा हिशेब मांडते, आधी पिण्याचे आणि गुरांचे पाणी बाजूला काढते, मग उरलेल्यावर पीक ठरवते. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही आणि ऊस लावायचा नाही हे गावाने आपणहून ठरवले. चारशे मिलिमीटरच्या गावाला हिशेब करावा लागतो, तीन हजाराच्या गावाला नको, असे आपण धरून बसलो आहोत. आपला ताळेबंद महिन्यांचा हवा. डिसेंबरात कुठल्या विहिरीला किती हात पाणी, जानेवारीत कलिंगडाला किती सोडायचे, कोणत्या तारखेपासून मोटरी बंद आणि फक्त पिण्याचे. हे ठरवणाऱ्या बैठकीत बायका असल्या पाहिजेत. मंडळाच्या सभेत व्यासपीठावर सगळे पुरुष आणि पाण्याचा ठराव. पाणी मात्र आणते ती सभेला नसते. विहिरीचा तळ तिलाच माहीत असतो. तिला विचारा.

यंदा आमच्याकडे तुळशीच्या लग्नाआधीच्या रविवारी व्हाळावर काम काढले आहे. चहा, भाकरी आणि कुळथाची पिठी गावाकडून. गोण्या इकडे मिळतात, त्या आणू नका. खोरी आणि घमेली कमी आहेत, जमल्यास मंडळाने घेऊन द्यावीत. येणाऱ्याने जुना शर्ट आणावा, आणि ज्यांचे नाव वारसात लागायचे आहे त्यांनी आधार कार्डाच्या दोन प्रती. तलाठ्याकडे जायचे तर सोमवारची रजा टाकून या.

आपला,
गावातच राहिलेला एक शेतकरी